राहिलेल्या शंभर खिडक्या

चैत्र सरत आला की नाशिकच्या द्वारका चौकातल्या गर्दीत एखादी पिकअप माझ्या स्कूटरच्या पुढ्यात येऊन थांबते आणि तिच्या मागच्या फळीतून कांद्याची टरफलं उडायला लागतात. एखादं हेल्मेटच्या काचेवर येऊन चिकटतं. गुलाबी, पातळ, पलीकडचं दिसेल असं. सिग्नल सुटतो, मागचे हॉर्न मारतात, मी आपला तसाच उभा. बायको म्हणते, तुमचं डोकं दर एप्रिलमध्ये नामपूरला जाऊन बसतं. बसतं खरं. लोकांना उन्हाळा कैरीनं कळतो, मोगऱ्यानं कळतो. मला तो या टरफलांनी कळतो.

पूर्वी ते टरफल पाहिलं की मी ते झटकून टाकायचो. काहीतरी राहिलंय, आणि आता वय झालं, आता ते राहणारच, असं वाटायचं. गेल्या उन्हाळ्यात ते संपलं. यंदा मी ते काचेवरून हलकेच सोडवलं आणि शर्टाच्या खिशात टाकलं. मागच्या रिक्षावाल्यानं मला काय म्हणायचं ते म्हणून घेतलं.

आता हे काय राहिलं होतं, ते सांगायचं तर एका कादंबरीपासून सुरुवात करायला हवी. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. ज्यांनी ती वाचली आहे त्यांना दोन वाक्यांत कळेल, आणि ज्यांनी नाही वाचली त्यांनी नुसतं एवढं धरून चालावं की आमच्या लहानपणी ती घराघरांत होती, आणि प्रत्येक घरात तिचं पहिलं पान फाटलेलं होतं. एक पोरका तरुण घोड्यावर बसून आपल्या बापानं पाहिलेला खजिना शोधायला निघतो. वाटेत एकेक ठिकाण लागतं. तहानलेल्यापासून लपणारी नदी. हाकेला उलटं उत्तर देणारी विहीर. भिंतींना काळीज असलेलं गाव. आणि सगळ्यात शेवटी, सकाळभर चढून गेल्यावर, शंभर खिडक्यांचा महाल. मलपृष्ठावर लेखकाबद्दल तीनच ओळी होत्या. त्यात एक अशी, की वडिलांच्या बदलीमुळे लेखकाचं लहानपण बागलाणात गेलं.

या एका ओळीनं माझ्या ताईचं डोकं फिरवलं. ताई म्हणजे विमल, माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठी. आमच्या मामांचं गाव नामपूरच्या जवळ, मोसम नदीच्या काठावर. म्हणजे बागलाणातच. ताईचं म्हणणं असं, की लेखक इथलाच असेल तर त्यानं ही ठिकाणं काही हवेतून काढलेली नाहीत. ती इथेच कुठेतरी आहेत. सापडली पाहिजेत.

हे तिच्या डोक्यात आलं त्या उन्हाळ्यात तिचं लग्न ठरलेलं होतं. ज्येष्ठातली तारीख. मामा आम्हाला न्यायला नाशिकला आले तेव्हा आईला म्हणाले, पोरीला महिनाभर माहेरपण आमच्याकडे करू दे, नंतर कुठलं आलंय. आणि मामांनी शब्द पाळला. तो सगळा महिना ताईला कुणी स्वयंपाकघरात बोलावलं नाही. उन्हातून ती हिंडायची, मी मागे. मामा बाजेवर पडल्या पडल्या विचारायचे, "पोरी, उनमा काय भटकतस? पुस्तकमा लिखेल ते समदं खरं ऱ्हास का?"

"समदं नही मामा," ताई म्हणायची, "पन काहीतरी खरं ऱ्हासच."

नाशकात मराठीत तोऱ्यानं बोलणारी ही बाई मामांच्या अंगणात पाऊल टाकलं की अशी अहिराणीत शिरायची. मला ते कधी जमलं नाही. माझं अहिराणी ऐकून मामेभाऊ रमेश अजूनही हसतो.

नदी पहिली सापडली, आणि ती शोधायला कुठे जावंच लागलं नाही. वैशाखातली मोसम म्हणजे नुसती वाळू. बायका वाळूत खड्डा उकरतात, त्याला झिरा म्हणतात, आणि त्यात हळूहळू पाणी येतं. ताई झिऱ्याशी गुडघे टेकून ओंजळीनं वाळू काढत होती. एकदम थांबली. कादंबरीत ती लपलेली नदी, जो गुडघे टेकेल त्यालाच दिसते. ताईनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं. पाणी पाझरून तिच्या बोटांपर्यंत आलं होतं. मला अजून तो वाळूचा ओला वास येतो.

विहीर निघाली गावाबाहेरची बारव. आत पारवे. आपण हाक मारली की ते फडफडून उठायचे आणि आपला आवाज त्या फडफडीत भलताच होऊन वर यायचा. आणि भिंतींना काळीज असलेलं गाव? लग्नाचा बस्ता बांधायला आम्ही सगळे मालेगावला गेलो होतो. बाकीचे दुकानात साड्यांच्या ढिगात बसलेले. ताई, जिच्या साड्या घ्यायच्या ती, मला घेऊन मागच्या गल्लीत. दोन्ही बाजूंना यंत्रमाग. तिनं एका घराच्या भिंतीवर तळहात ठेवला आणि म्हणाली, "सुध्या, हात लाव." भिंत धडधडत होती. एकसारखी, आतून. दारात बसलेल्या एका चाचांनी विचारलं, क्या ढूँढ रहे हो बेटा. ताई म्हणाली, मिल गया. परत आलो तेव्हा बायकांनी तिच्यासाठी शालू पसंत करून टाकलेला होता. तिला तो मुळीच आवडला नाही, पण ती इतकी खुशीत होती की सगळ्यांना वाटलं आवडला.

राहिला तो महाल. आणि महालाशिवाय बाकीच्या सगळ्याला काय अर्थ.

ज्यांनी कादंबरी वाचली नाही त्यांच्यासाठी सांगतो. तो महाल उंचावर आहे. भिंती अशा, की आरपार दिसावं. वारा एका बाजूनं शिरतो, दुसऱ्या बाजूनं जातो, मुक्कामाला राहत नाही. आत माणकांचे ढीग. प्रत्येक माणिक रेशमाच्या अनेक पदरांत गुंडाळलेलं. पहारा नाही, कुलूप नाही. एक म्हातारी तेवढी असते, ती सांगते की या खजिन्याला वारा लागतो. वारा बंद झाला की तो मरतो. कादंबरीतला खलनायक लोभानं सगळ्या खिडक्या बुजवतो, आणि उघडतो तेव्हा खजिना सडून गेलेला असतो. वाचताना अंगावर काटा यायचा. पुढे मोठा झाल्यावर एका व्याख्यानात मी ऐकलं की शंभर खिडक्या म्हणजे माणसाचं मन आणि वारा म्हणजे विवेक. सगळ्या सभागृहानं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

महालासाठी ताईनं मामांना मुल्हेरच्या किल्ल्यावर न्यायला लावलं. तिथे पडकी जोती होती, दगडी कमानी होत्या, खिडकी एकही नव्हती. मग तिनं जाहीर केलं, महाल असणार तर साल्हेरवर. राज्यातला सगळ्यात उंच किल्ला, कादंबरीतला नायक सकाळभर चढतो, दुसरीकडे असणारच कुठे. मामांनी मात्र हात जोडले. म्हणाले, दहा दिवसांवर हळद आली, तिथून पाय घसरला तर मी व्याह्यांना काय सांगू. ताई रुसली. दोन दिवस जेवताना बोलली नाही. आणि तो महिना संपला.

लग्नात पाठवणीच्या वेळी ती माझ्या गळ्यात पडली आणि कानाशी म्हणाली, "शंभर खिडक्या राहिल्या रे." आजूबाजूच्या आत्या-मावशा डोळे पुसत होत्या. त्यांना वाटलं असणार की आईला सांभाळ वगैरे म्हणत असेल. मी तेव्हा हसलो होतो. पुढे मलाच कळलं, की स्वतःच्या मनानं सुरू केलेली, कुणाच्या सांगण्यावरून नाही, अशी तिच्या आयुष्यातली ती एकच गोष्ट होती, आणि नेमकी तीच अर्धी राहिली होती. बाकी सगळं ठरवलेलं होतं, आणि तिनं ते नीट पार पाडलं.

भाऊजी नाशिकलाच, अंबडला कारखान्यात होते. माणूस गुणी, थट्टेखोर. ताईनं साल्हेरचा विषय काढला की म्हणायचे, जाऊ ना, पुढच्या उन्हाळ्यात नक्की. त्यांनी हे मनापासूनच म्हटलं असणार. पण एका उन्हाळ्यात मंजूचा जन्म, एकात सासूबाईंचं दुखणं, एकात सिडकोतल्या घराचं बांधकाम. मग माझी नोकरीही तिथेच अंबडला लागली, इन्स्पेक्शनला. आयुष्यभर मी आलेला प्रत्येक नग मापून बघितला आणि शंका आली की बाजूला काढला. तसा मी स्वभावानंच घाबरट आहे, पगार त्याचाच मिळत होता. दर एप्रिलला ताई एकदा तरी म्हणायची, "सुध्या, कांदा निघायला लागला." पुढचं बोलायची नाही. मला कळायचं.

भाऊजी गेले. त्यानंतरच्या हिवाळ्यात ताईच्या छातीत दुखलं, स्टेंट बसला. डॉक्टरांनी आमच्या दोघांच्या तोंडावर सांगितलं, चालायचं भरपूर, चढायचं नाही. ताईनं मान डोलावली. तिनं इतक्या शहाण्यासारखी मान डोलावली तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

चैत्रात फोन आला. "गाडी काढ. साल्हेरला जायचंय."

मी म्हटलं, "ताई, डॉक्टर काय म्हणाले आठवतं का? हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण."

"आठवतं. तू येणार नसशील तर मी एसटीनं जाते. सटाण्याला उतरेन, तिथून ताहराबादची गाडी मिळते. विचारून ठेवलंय मी."

आता करायचं काय? इकडे आड, तिकडे विहीर. नाही म्हणावं तर ही बाई खरंच एकटी जाईल. नेलं, आणि वर कातळावर काही झालं, तर तिथे ना रस्ता ना डॉक्टर, आणि पुण्याहून मंजू येऊन मला एकच विचारेल, मामा, तू नेलंस? मला रात्रीची झोप लागेना. शेवटी गुपचूप डॉक्टरांना जाऊन भेटलो. त्यांनी कपाळाला हात लावला आणि जिभेखाली ठेवायची गोळी दिली. मी ती शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली आणि त्यानंतर खिसा चाचपण्याचा मला नादच लागला. मनात ठरवलं, आधी रमेशकडे मुक्काम करायचा. रमेश बोलेल, त्याची बायको सुमनवहिनी बोलतील, कुणाचं तरी ऐकेल.

निघालो. पिंपळगाव मागे टाकलं, दुतर्फा छाटून उघड्या पडलेल्या द्राक्षबागा. सोग्रसहून आत वळलो आणि देवळ्याच्या पुढे वास बदलला. ताईनं काच खाली केली. रस्त्याच्या कडेनं शेतांत कांद्याचे ढीग, त्यांच्यावर पात झाकलेली, बायका विळ्यानं पात कापत ओळीनं बसलेल्या. ताईच्या मांडीवर एक खोकं होतं. मी विचारलं, काय गं आहे त्यात. तिनं झाकण उघडून दाखवलं. पांढरेशुभ्र कॅनव्हासचे बूट. जन्मभर चपला घातलेल्या बाईनं साल्हेरसाठी बूट घेतले होते. मी खिसा चाचपला आणि गाडी चालवत राहिलो.

रमेशकडे धांदल होती. कांदा चाळीत, म्हणजे साठवणीच्या लांब छपरात, भरायचं काम सुरू, दोन ट्रॅक्टर उभे, माणसं गोण्या उचलतायत. तरी त्यानं पाणी, चहा, गूळ-शेंगदाणे सगळं केलं, आणि मी डोळ्यांनी खुणावल्यावर विषयाला हात घातला.

"ताई, येडी व्हयनी का तू? साल्हेरवर तरना पोऱ्या थकी जातस."

"त्यास्ले थकू दे," ताई म्हणाली. "मी हळूहळू जासू."

रमेशनं माझ्याकडे बघून दोन्ही हात वर केले. सुमनवहिनींनी बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि कच्चा कांदा वाढला आणि म्हणाल्या, जेवन करीसन जरा आडं व्हा, उद्यानं उद्या देखू. त्यांच्या आवाजातच पांघरूण घातल्यासारखं काहीतरी असतं. जेवण झालं. ताई आत लवंडली. मी ओट्यावर कडुनिंबाच्या सावलीत खुर्चीत टेकलो, तिच्यावर लक्ष ठेवायला म्हणून, आणि अर्थातच झोपलो.

जागा झालो तो आत ताई नाही. कॉटवर नाही, मोरीत नाही, मागच्या अंगणात नाही. बुटाचं खोकं उघडं, रिकामं. मनात एकदम आलं, ही गेली. कुणाची तरी मोटारसायकल थांबवली आणि गेली ताहराबादला. चप्पल न घालताच अंगणात धावलो, मातीचे चटके बसत होते. सुमनवहिनी ट्रॅक्टरपाशी माणसांवर ओरडत होत्या.

"ताई कुठाय वहिनी?"

"जुनी चाळकडे गयी," त्या म्हणाल्या. "बर्डीवर वारा शे म्हणे, तठे पडसू जराशी."

जुनी चाळ म्हणजे मामांच्या हातची. रमेशनं आता लोखंडी अँगलच्या, पत्र्याच्या चाळी बांधल्या आहेत. पण नदीपासून वर चढत गेलेल्या शेताच्या टोकाला एक बर्डी आहे, म्हणजे टेकाडच म्हणा, आणि तिच्यावर मामांची बांबूची आणि तुराट्यांची, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांची, चाळ अजून उभी आहे. वर उसाचं पाचट. घरी खायचा कांदा अजूनही तिथेच ठेवतात. ती बर्डी फार नाही, पण चढ तो चढच. मी खिसा दाबून धरला आणि पळालो. पळताना मला पहिल्यांदा नीट कळलं की मला साल्हेरची भीती नव्हतीच. ती जाईल, मला सोडून जाईल, आणि मग मला सुध्या म्हणणारं जगात कुणी राहणार नाही, याची भीती होती.

चाळीच्या दोन कप्प्यांच्या मधे बोळ असतो. त्या बोळात गोणपाटावर ताई पडलेली होती. डोळे मिटलेले. पांढरे बूट पायातच, मातीनं भरलेले. एक हात छातीवर.

"ताई."

काही नाही.

"ताई!" माझी बोटं खिशातली गोळी बाहेर काढत होती आणि ती निघत नव्हती.

"ओरडू नको," ती डोळे न उघडता म्हणाली. "बस इथं. ऐक."

मी बसलो म्हणजे खालीच कोसळलो. आणि मग मला ऐकू आलं. वारा. बाहेर उन्हात तो नुसता गरम फुफाटा होता, पण तुराट्यांच्या फटींतून आत येताना तो गार होत होता आणि बारीक शीळ घालत होता, असंख्य ठिकाणांहून एकदम. तो आत येत होता आणि दुसऱ्या बाजूनं निघून जात होता. ऊन त्याच फटींतून आत पडलं होतं, ताईच्या साडीवर, माझ्या हातांवर, उभ्या पट्ट्यांत. आणि दोन्ही बाजूंना, तुराट्यांच्या मागे, कांदे. ऊन पडलं होतं ते लालगुलाबी कांदे आतून पेटल्यासारखे दिसत होते, आणि त्यांच्यावरचे ते पदर, रेशमाहून पातळ, वाऱ्यानं हलत होते.

मी म्हटलं, "छे. काहीतरीच."

ताईनं आता डोळे उघडले. खालून सुमनवहिनींचा आवाज वर येत होता. त्या नव्या चाळीत थर लावणाऱ्यांना ठणकावत होत्या, "अरे, इतलं उंच नका रचा. वारा नही लागना ते समदा माल मरी जाई."

आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत राहिलो. मग ताई हसायला लागली. मला आधी वाटलं खोकला आला. तिला हसू आवरेना, मला तिच्या छातीची काळजी, आणि तिला पाहून मलाही आवरेना. त्या व्याख्यानातलं मन, विवेक आणि सभागृहातल्या टाळ्या आठवल्या आणि मी तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा. लहानपणी या चाळीत आम्ही लपाछपी खेळलो होतो. या बोळात बसून, याच बोळात, ताईनं मला महालाचं प्रकरण मोठ्यानं वाचून दाखवलं होतं, कारण दुपारी घरात उकडायचं. वाचून झाल्यावर आम्ही दोघं बाहेर आलो होतो आणि डोळ्यांवर हात धरून, महाल कुठे असेल म्हणून लांबच्या डोंगरांकडे बघत बसलो होतो.

नदी ओळखली, बारव ओळखली, मालेगाव ओळखलं. हे का नाही ओळखलं? मी यावर नंतर पुष्कळ विचार केला. मला वाटतं, परक्या मुलखातल्या पोराला हे एका दिवसात कळलं असतं. आम्ही पडलो कांदेवाल्यांची भाचरं. नदी पुस्तकात असू शकते, विहीर असू शकते. पण कांदा? पुस्तकात कांदा असतो का कुठे? तो ताटात असतो, नाहीतर बाजार समितीत. शिवाय लेखकानं लिहिलं होतं, सकाळभर चढून. तो इथे होता तेव्हा किती लहान असेल. चार-पाच वर्षांच्या पोराला नदीपासून ही बर्डी चढायला सकाळ लागणारच, मधे खेळत, पडत, रडत. तो घाबरत घाबरत वर आला असेल आणि असल्याच एका चाळीत, असल्याच उन्हाच्या पट्ट्यांत कुणा म्हातारीनं त्याला सांगितलं असेल, बाळा, खिडक्या झाकायच्या नाहीत. त्यानं ते तसंच्या तसं लिहिलं. एक अक्षर खोटं लिहिलं नाही बिचाऱ्यानं. आम्हीच त्याला उंच नेऊन बसवलं होतं.

हसणं ओसरल्यावर ताईनं पदरानं डोळे पुसले. मग वर पाचटाकडे बघत म्हणाली, "सुध्या, एक सांगू? मी कालपासून घाबरले होते."

"कशाला?"

"साल्हेरला रे. चढायला जमणार नाही हे मला ठाऊक होतं. घरच्या जिन्यात बूट घालून चढून बघितलं तर दुसऱ्या मजल्याला दम लागला. पण तू नको म्हणालास, आणि मी जाणारच म्हणून बसले. मग माघार कशी घ्यायची? आणि नाही गेले, तर ते राहिलंच कायमचं." ती कोपरावर रेलून उठली. "तू जरा जोरात नाही म्हणायचं होतंस."

मी म्हटलं, "तू ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं. पण म्हणायचं."

मग तिनं हात पुढे केला आणि मी तो धरला. तिचा हात गार होता, वाऱ्यामुळे, बाकी काही नाही. माझा जीव जो भांड्यात पडला तो इतक्या जोरात की मला वाटलं तिलाही ऐकू गेला असेल. उद्याचा कडा नाही, उद्याचा दम नाही, पुण्याचा फोन नाही. आणि एवढंच नाही. इतकी वर्षं तिचं जे राहिलं म्हणून मीही टरफलं झटकत आलो, ते राहिलेलंच नव्हतं. लग्नाच्या आधीच सापडलेलं होतं. त्या महिन्यातलं काहीही अर्धं राहिलं नव्हतं. आम्हाला कळलं नव्हतं एवढंच.

संध्याकाळी रमेशला सांगितलं तर तो आमच्याकडे बघतच राहिला. म्हणाला, म्हणजे मन्हा बापनी चाळ पुस्तकमा शे? ताई म्हणाली, हीच नाही रे, असलीच कुठलीतरी. त्याला ते पटलं नाही. तेव्हापासून तो पाहुण्यांना वर नेऊन सांगतो की हीच ती. सांगू दे. सुमनवहिनी तेवढ्या म्हणाल्या, महाल व्हता ते एवढे वरीस सडेल कांदा मीच कसाकाय निवडत व्हते. परतीच्या वाटेवर ताई सटाण्याच्या आधीच झोपली ती नाशिकपर्यंत. मी दर थोड्या वेळानं तिच्याकडे बघत होतो, सवयीनं. घोरत होती.

हे सगळं गेल्या उन्हाळ्यातलं. काल द्वारकेवरून घरी आलो, शर्ट काढताना खिशातून ते टरफल पडलं. गोळी आता मी गाडीच्या कप्प्यात ठेवतो, खिशात नाही. टरफल उचलून खिडकीशी धरलं. पलीकडचं सगळं दिसत होतं, जरासं गुलाबी.

तेवढ्यात फोन वाजला.

"सुध्या, कांदा निघाला. गाडी काढ, मी बूट घालून बसलेय."

"आता कुठे चढायचंय तुला?"

"बर्डीवर," ताई म्हणाली. "आणि या वेळी मी आधी डॉक्टरांना विचारलंय."